लहान धंदा आणि सरकारचा हात : भंडारा जिल्ह्यावरून एक विचार

विदर्भांतील जुन्या घरांत अजूनही एखादा पितळी गुंड, न्हाणीघरांतील तांब्याचा बंब, मोठी परात किंवा पूजेचीं उपकरणीं सांपडतात. ह्यांपैकीं पुष्कळशीं भांडीं भंडाऱ्याच्या कासारांच्या हातचीं असण्याचा संभव आहे. भंडारा शहरास पितळेची नगरी म्हणण्याचा प्रघात आहे. इतकेंच नव्हे, तर शहराचें नांवच पितळवाचक शब्दावरून पडलें अशी समजूत तेथें रूढ आहे. आतां त्या भांड्यांची जागा स्टेनलेस स्टीलनें घेतली, हें आपण सारेच पाहत आहों. परंतु भांड्याबरोबर तें घडविणाऱ्याचें काय झालें, हा विचार आपल्या मनांत सहसा येत नाहीं.

असा एखादा धंदा खालावूं लागला, कीं "सरकारनें कांहीं तरी केलें पाहिजे" हें वाक्य प्रत्येकाच्या तोंडीं येतें. सरकार कांहीं करीत नाहीं असेंही नाहीं. योजना पुष्कळ आहेत, कचेऱ्या आहेत, दरसाल अंदाजपत्रकांत रकमा मांडल्या जातात. मग ती मदत कोणत्या रूपानें येते, कोणास पोंचते, आणि वाटेंत कोठें अडते? हा प्रश्न केवळ अर्थशास्त्राच्या पंडितांचा नव्हे. ज्या घरांत मुलगा पदवी घेऊन नागपूर-पुण्याकडे डोळे लावून बसला आहे, किंवा सूनबाई पोहे, पापड, मसाले करून विकण्याचा बेत करीत आहे, त्या घरांत तो माजघरापर्यंत येऊन पोंचतो. घरची शिल्लक धंद्यांत घालावी काय? वडिलांनीं कर्जास जामीन राहावें काय? सरकारी अनुदानाच्या भरंवशावर किती पुढें जावें? ह्या प्रश्नांचा निकाल घरांतील वडील माणसांनाच लावावा लागतो. म्हणून भंडारा जिल्हा डोळ्यांपुढें ठेवून ह्या विषयाचा थोडा विस्तारानें विचार करण्याचें योजिलें आहे.

राजाश्रय आजचा नव्हे

उद्योगास राज्यकर्त्यानें हात द्यावा, ही कल्पना आपल्याकडे नवी नाहीं. बेळगांवीं सायकलींचें दुकान आणि पुढें लोखंडी नांगर करण्याचा धंदा करणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर ह्यांना तेथील जागा सोडावी लागली, तेव्हां औंध संस्थानचे अधिपति बाळासाहेब पंत प्रतिनिधि ह्यांनीं आपल्या मुलखांत कुंडल रोड स्टेशनाजवळ त्यांना जमीन दिली. १९१० सालीं तेथें किर्लोस्करवाडी वसली. त्याच संस्थानांत पुढें १९१६ मध्यें ओगले बंधूंचा कांचकारखाना निघाला आणि त्याचे कंदील घरोघर पोंचले. एवढेंसें संस्थान, त्याच्या तिजोरींत काय असणार? परंतु त्या मदतीचें मर्म रकमेंत नव्हतें. ज्याला जागा दिली तो माणूस कामांत कसाला लागलेला होता, जागा आगगाडीच्या लगत होती, आणि जो माल व्हायचा होता त्याची शेतकऱ्यास गरज होती. ह्या तीन गोष्टी जुळल्या म्हणून राजाश्रय फळाला आला.

ब्रिटिश हिंदुस्थानांत सर टॉमस हॉलंड ह्यांच्या अध्यक्षतेखालीं १९१६ मध्यें औद्योगिक आयोग नेमला गेला व त्याचा अहवाल १९१८ मध्यें प्रसिद्ध झाला. पंडित मदनमोहन मालवीय ह्यांनीं त्यास आपली स्वतंत्र टिपणी जोडली. १९१९ च्या सुधारणांनीं उद्योग हें खातें प्रांतांच्या हातीं आलें, आणि मग उद्योगांस सरकारी साह्य देण्याचे कायदे एकेका प्रांतांत होऊं लागले. मद्रासनें तसा कायदा १९२२ मध्यें केला. भंडारा जिल्हा तेव्हां ज्यांत होता त्या मध्यप्रांत व वऱ्हाडांत तो १९३३ मध्यें झाला. अशा कायद्यांचा मुख्य भर तारण घेऊन कर्ज देण्यावर असे. ज्याच्याजवळ घर, शेत किंवा यंत्र होतें त्याला त्याचा उपयोग. ज्याच्याजवळ हातोडा आणि हातांतलें कसब एवढेंच होतें, त्याचें समाधान कोरडेंच राहिलें. ही अडचण आपण पुढेंही पाहणार आहों.

ह्याच प्रांतांत १९३४ सालीं महात्मा गांधींनीं वर्धा येथें अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापिला व त्याची धुरा जे. सी. कुमारप्पा ह्यांनीं वाहिली. प्रांतांत काँग्रेसचें मंत्रिमंडळ आल्यावर त्याच कुमारप्पांच्या अध्यक्षतेखालीं औद्योगिक पाहणी समिति नेमली गेली आणि तिचा अहवाल १९३९ मध्यें बाहेर पडला. कारागिराला कच्चा माल कोठून मिळतो, त्याचें हत्यार कसें आहे आणि त्याचा माल कोण घेतो, हे प्रश्न गांवोगांव जाऊन विचारावे, मग योजना आखावी, ही त्यांची दृष्टि होती. ती पद्धति आजही जुनी झालेली नाहीं.

भंडाऱ्याची शिदोरी

भंडारा जिल्हा नागपूरच्या पूर्वेस, वैनगंगेच्या दोन्ही तीरांवर पसरलेला आहे. स्वातंत्र्यानंतर १९५६ पर्यंत तो मध्यप्रदेशांत, नंतर १९६० पर्यंत द्वैभाषिक मुंबई राज्यांत, आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्रांत आहे. १९९९ मध्यें त्याचा पूर्वभाग तोडून गोंदिया हा निराळा जिल्हा झाला. राहिलेल्या जिल्ह्यांत भंडारा, तुमसर, मोहाडी, पवनी, साकोली, लाखनी आणि लाखांदूर असे सात तालुके आहेत.

निसर्गानें ह्या मुलखास कांहीं कमी दिलेलें नाहीं. तळीं आणि धानाचीं बांधें हें येथील शेतीचें रूप, म्हणून भात-गिरण्या. जंगलांत ऐन आणि अर्जुन हीं झाडें. त्यांच्या पाल्यावर कोसा किडा वाढतो, म्हणून कोशाचें विणकाम. तेंदूचीं पानें आहेत, म्हणून विडीचा धंदा. तुमसर तालुक्यांत मँगनीज आहे. डोंगरी बुजुर्ग आणि चिखला येथील खाणी प्रसिद्ध असून त्या आज 'मॉयल' ह्या सरकारी कंपनीकडे आहेत. हावडा-मुंबई आगगाडीचा मार्ग आणि राष्ट्रीय महामार्ग दोन्ही ह्या जिल्ह्यांतून जातात, आणि नागपूर शहर केवळ साठ-एक किलोमीटरांवर आहे.

इतकें असून शिकलेला तरुण जिल्हा सोडतो. कारण असें, कीं येथील संपत्ति बहुधा कच्च्या रूपांत बाहेर जाते. खनिज खणून गाडींत भरलें, पानें वाळवून पुड्यांत बांधलीं, धान भरडून पोत्यांत भरलें, कीं जिल्ह्याचें काम संपलें. त्यापुढील प्रत्येक पायरीवर जी मजुरी, जो नफा आणि जें शिक्षण निपजतें, तें दुसऱ्या गांवाचें होतें. ही पुढची पायरी जिल्ह्यांतच घडावी हाच सरकारी प्रोत्साहनाचा खरा हेतु असला पाहिजे.

मोठ्या कारखान्यास आमंत्रण

महाराष्ट्र राज्य झालें तेव्हां कारखाने मुंबई, ठाणें आणि पुणें ह्या पट्ट्यांत दाटले होते. ते बाहेर न्यावे म्हणून राज्यानें दोन साधनें निर्माण केलीं. पहिलें साधन जागेचें. १९६१ च्या कायद्यानें औद्योगिक विकास महामंडळ स्थापन करण्याचें ठरलें आणि १ ऑगस्ट १९६२ पासून तें काम करूं लागलें. हें महामंडळ जमीन संपादन करतें, रस्ते, पाणी, दिवे ह्यांची सोय करतें, आणि आंखलेले भूखंड ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्यानें कारखानदारांस देतें. आपण बोलतांना ज्या भागास 'एमआयडीसी' म्हणतों तो हाच.

दुसरें साधन पैशाचें. १९६४ मध्यें राज्यानें प्रोत्साहनांची सामूहिक योजना काढली; तिच्या सुधारून वाढविलेल्या आवृत्त्या वेळोवेळीं निघत गेल्या, आणि २०१९ ची योजना त्याच मालिकेंतील होय. तिचें तत्त्व सोपें आहे. राज्यांतील तालुक्यांचे विकासाच्या मानानें वर्ग पाडावयाचे. पुढारलेल्या तालुक्यास सवलत थोडी किंवा मुळींच नाहीं, मागासलेल्यास अधिक. पूर्वीं विक्रीकर माफ करून किंवा कांहीं वर्षें वापरण्यास ठेवून ही सवलत दिली जाई. १ जुलै २०१७ पासून वस्तु व सेवा कर आल्यावर तें शक्य राहिलें नाहीं. म्हणून आतां कारखानदार आधीं कर भरतो आणि राज्याच्या वाट्यांतून ठराविक मर्यादेपर्यंत रक्कम त्याला परत मिळते. ह्याशिवाय मुद्रांक शुल्क व वीज शुल्क ह्यांची माफी, व्याजांत सूट, असे तिचे इतर पोटभाग आहेत. विदर्भ-मराठवाड्यांतील उद्योगांस विजेच्या दरांत निराळी सवलत २०१६ मध्यें जाहीर झाली.

भंडाऱ्यास ह्या काळांत मोठे कारखाने आलेही. जवाहरनगरचा दारूगोळ्याचा कारखाना १९६४ चा. तो केंद्रसरकारनें काढला. गडेगांव येथें अशोक लेलँड कंपनीनें १९८२ मध्यें मोटारगाड्यांच्या भागांचा कारखाना उघडला. वरठी येथें सनफ्लॅग कंपनीचा पोलादाचा कारखाना त्याच दशकाच्या अखेरीस सुरू झाला. अशा कारखान्यांनीं शेंकडों कुटुंबांची चूल पेटविली, हें कृतज्ञतेनें सांगितलें पाहिजे.

तथापि आमंत्रणाच्या ह्या पद्धतीचा एक स्वाभाविक दोष आहे. सवलतीसाठीं येणारा, अधिक सवलत दिसतांच अन्यत्र पाहूं लागतो. केंद्रसरकारनें २००३ मध्यें उत्तराखंडास मोठ्या करसवलती दिल्या. त्यानंतर अनेक वाहन-कंपन्यांनीं पंतनगरच्या परिसरांत कारखाने काढले, आणि अशोक लेलँडचाही मोठा कारखाना २०१० मध्यें तेथें सुरू झाला. कंपनीस ह्यांत दोष देण्याचें कारण नाहीं. हिशेब पाहणें हा तिचा धर्मच आहे. पण राज्याराज्यांची चढाओढ लागली म्हणजे प्रत्येक राज्य आपल्या भावी करावर पाणी सोडतें, आणि तें पाणी शेवटीं शाळा, रस्ते व इस्पितळें ह्यांच्या वाट्याचें असतें.

दुसरा दोष अधिक दुःखदायक आहे. साकोलीजवळ मुंडीपार येथें भारत हेवी इलेक्ट्रिकल्स ह्या केंद्रसरकारी कंपनीच्या कारखान्याची कोनशिला २०१३ मध्यें मोठ्या समारंभानें बसविली गेली. त्यासाठीं शेतकऱ्यांच्या जमिनी घेण्यांत आल्या. पुढें दहा वर्षें उलटलीं तरी ठरलेला कारखाना चालू झाला नव्हता. ज्याची धानाची बांधी गेली आणि ज्याच्या मुलास नोकरीही लागली नाहीं, त्याच्या दृष्टीनें औद्योगिक प्रगति ह्या शब्दास काय अर्थ राहिला असेल? कोनशिला बसविणें ही सुरुवात आहे. कारखान्याचा भोंगा वाजला म्हणजेच काम झालें असें समजावें. येणाऱ्यास सवलती देतांना, ठराविक मुदतींत काम न झाल्यास जमिनीचें काय करावयाचें, हें करारांत आधींच स्पष्ट लिहिलेलें असलें पाहिजे, आणि तें अंमलांत आणण्याची हिंमतही असली पाहिजे.

लहानाच्या पदरीं काय पडतें ?

आतां दुसऱ्या टोंकाकडे वळूं. लहान उद्योगांसाठीं प्रत्येक जिल्ह्यास जिल्हा उद्योग केंद्र असावें, ही योजना १९७८ ची. नोंदणी, सल्ला, कर्जाची शिफारस हीं कामें एकाच छपराखालीं व्हावींत असा तिचा उद्देश. महाराष्ट्रानें ऑगस्ट २०१९ पासून मुख्यमंत्री रोजगार निर्मिति कार्यक्रम सुरू केला आहे; केंद्राचा तशाच स्वरूपाचा कार्यक्रम २००८ पासून आहे. राज्याच्या कार्यक्रमांत आरंभीं माल तयार करणाऱ्या उद्योगास ५० लाख रुपयांपर्यंतचा प्रकल्प घेतां येई. त्याचा हिशेब गृहिणींनाही सहज समजण्यासारखा आहे, म्हणून एक उदाहरण मांडतों.

समजा, लाखनी तालुक्यांतील एका खेड्यांत एखादी भगिनी २० लाखांचा पोह्यांचा कारखाना काढूं इच्छिते. ग्रामीण भागांतील स्त्रियांस अनुदानाचें प्रमाण शेंकडा ३५ आहे. म्हणजे सात लाख. तिनें स्वतःचे शेंकडा ५, म्हणजे एक लाख, घालावयाचे. उरलेले बारा लाख बँकेचें कर्ज. सर्वसाधारण वर्गांतील पुरुषानें हाच कारखाना खेड्यांत काढला, तर त्याला शेंकडा २५ अनुदान आणि स्वतःचे शेंकडा १० घालावे लागतील. शहरांत काढला तर अनुदान शेंकडा १५ च. मात्र एक गोष्ट पक्की ध्यानांत ठेवावी. हे सात लाख कोणी हातावर मोजून देत नाहीं. आधीं बँक कर्ज मंजूर करते, मग अनुदान बँकेंत येऊन तेथेंच अडकवून ठेवलें जातें, आणि तीन वर्षें धंदा नीट चालल्याची खात्री झाल्यावर कर्जाच्या खात्यांत वळतें होतें. तात्पर्य, सरकारची शिफारस ही अर्धी वाट. खरा निर्णय बँकेच्या खुर्चींतला.

तारण नाहीं म्हणून लहान माणूस मागें फिरूं नये, ह्यासाठीं २००० सालापासून सरकारी हमीची योजना आहे. ठराविक मर्यादेपर्यंतच्या कर्जास ह्या हमी-निधीचें छत्र मिळूं शकतें. बँकेनें घरदार लिहून मागण्याचें कारण उरत नाहीं. १९३३ च्या कायद्यांतील जी उणीव वर सांगितली, ती भरून काढण्याचा हा प्रयत्न होय. परंतु योजना कागदावर असणें आणि खेड्यांतल्या शाखेंत ती मनापासून राबविली जाणें, ह्यांत अंतर असतें. आणि अर्जदारास ती ठाऊकच नसली तर तो मागणार तरी काय?

आणखी एक सूक्ष्म मुद्दा. 'सूक्ष्म उद्योग' ह्या शब्दाची कायदेशीर व्याख्या १ एप्रिल २०२५ पासून बदलली. यंत्रसामग्रींत अडीच कोटींपर्यंत भांडवल आणि दहा कोटींपर्यंत वार्षिक उलाढाल असलेला धंदा सूक्ष्मच गणला जातो. म्हणजे एक भट्टी आणि चार हातोडे असलेला कासार, आणि दोन कोटींचीं यंत्रें असलेला कारखानदार, हे दोघेही कायद्याच्या दृष्टीनें एकाच पंक्तीस बसतात. अशा पंक्तींत ज्याला लिहितां-वाचतां, हिशेब मांडतां आणि कचेरीच्या पायऱ्या चढतां येतात, त्याचें पान आधीं वाढलें जाणार, हें उघड आहे.

पितळ, कोसा आणि धान

ह्या तीन धंद्यांकडे पाहिलें म्हणजे सरकारची मदत कोठें लागू पडते आणि कोठें पडत नाहीं, तें कळून येतें.

पितळ म्हणजे तांबें आणि जस्त ह्यांचें मिश्रण. कासार जुनी मोड विकत घेतो, ती मुशींत वितळवितो, तिचा पत्रा होतो, आणि तो ठोकून, मठारून भांडें बनतें. त्याच्या धंद्याचा दुखरा भाग यंत्र हा नाहीं. भांडवल अडकून पडणें हा आहे. मोड रोखीनें घ्यावी लागते आणि भांडें उधारीवर द्यावें लागतें. समजा, त्याच्याजवळ एक लाख रुपये आहेत. माल होऊन जाण्यास एक महिना आणि व्यापाऱ्याकडून पैसे येण्यास तीन महिने लागले, तर वर्षांत तें भांडवल तीनदांच फिरतें. तेच पैसे दीड महिन्यांत आले, तर जवळजवळ पांचदां फिरतें. प्रत्येक फेरीस चार हजार सुटतात असें धरलें, तर पहिल्या रीतीनें बारा हजार, दुसऱ्या रीतीनें एकोणीस हजारांहून थोडे अधिक. यंत्रासाठीं दिलेल्या अनुदानानें हा फरक पडत नाहीं. वेळेवर मिळालेल्या पैशानें पडतो.

येथें २००६ चा कायदा उपयोगी आहे. नोंदणी केलेल्या सूक्ष्म किंवा लघु उद्योगाकडून माल घेणाऱ्यानें, लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आंत पैसे दिले पाहिजेत. करार नसेल तर १५ दिवसांत. न दिल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक-दराच्या तिप्पट दरानें चक्रवाढ व्याज द्यावें लागतें, आणि दाद मागण्यासाठीं सुविधा परिषद नेमलेली आहे. पुढें आयकर कायद्यांतही तरतूद झाली, कीं अशी देणीं मुदतींत न दिल्यास तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत वजा मिळणार नाहीं. ती आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून लागू झाली. परंतु ज्याचा एकच गिऱ्हाईक आहे तो त्याच गिऱ्हाइकाविरुद्ध अर्ज कसा करणार? पाण्यांत राहून माशाशीं वैर कोण धरतो? म्हणून कासारांनीं एकत्र येऊन संघामार्फत माल विकणें हाच ह्यावरील टिकाऊ उपाय दिसतो. आणि अशा संघांस आरंभींचें खेळतें भांडवल पुरविणें, ही सरकारी पैशाची योग्य जागा होय.

कोशाची गोष्ट निराळी. कोसा किडा तुतीच्या रेशीमकिड्यासारखा घरांत पाळतां येत नाहीं. तो जंगलांतील झाडांवर, ऊन-पावसांत वाढतो. ढिवर समाजांतील कुटुंबें हें काम पिढ्यान्‌पिढ्या करीत आलीं आहेत. येथें खरी गरज निरोगी अंडीपुंजांची आणि झाडें वापरण्याच्या परवानगीची. ह्या दोन्ही वस्तु कोणी व्यापारी देऊं शकत नाहीं. त्या सरकारनेंच दिल्या पाहिजेत. राज्याचें रेशीम संचालनालय १९९७ मध्यें स्थापन झालें व त्याचें मुख्य ठाणें नागपूर येथें आहे. विणकरांच्या बाजूनें पाहिलें, तर मोहाडी तालुक्यांतील आंधळगांवचें कोशाचें कापड नांवाजलेलें आहे, आणि विदर्भाच्या करवतकाठी वस्त्रास भौगोलिक निर्देशांकाचें संरक्षण मिळालेलें आहे. करवतीच्या दांत्यांसारखा तो कांठ हातमागावर निघतो तेव्हां त्यास वेळ लागतो. म्हणून त्याची किंमत गिरणीच्या साडीशीं ताडून पाहणें अन्यायाचें होय. नांवास संरक्षण मिळालें तरी खऱ्या-खोट्याची पारख करणारा गिऱ्हाईक नसेल, तर कायदा एकटा काय करील?

धानाच्या धंद्यांत तर सरकार स्वतःच मोठें गिऱ्हाईक आहे. आधारभूत किंमतीनें घेतलेलें धान भरडण्यासाठीं गिरण्यांस दिलें जातें, आणि साध्या तांदळाच्या बाबतींत दर क्विंटलमागें ६७ किलो तांदूळ गिरणीनें सरकारास परत द्यावयाचा असतो. गिरणीवाल्यास वर्षाचें काम मिळतें, हा लाभ. परंतु तो भाव आणि मुदत दोन्हींसाठीं एकाच दारावर अवलंबून राहतो, हा तोटा. भरडाईचे पैसे लांबले कीं त्याच्या कर्जाचें व्याज चालूच राहतें. लहान उद्योगांचीं देणीं वेळेवर द्यावींत असा कायदा करणाऱ्या सरकारनें स्वतःच्या देण्याबाबत तोच नियम कसोशीनें पाळावा, अशी अपेक्षा करणें गैर नाहीं. जिल्ह्यांतील सुवासिक चिन्नोर तांदळासही भौगोलिक निर्देशांक मिळालेला आहे. तो निवडून, स्वच्छ पिशव्यांत भरून, आपल्या नांवानें विकणारीं घरें निघालीं, तर गिरणीचें सरकारी कामावरील परावलंबन कमी होईल.

ह्यावरून एक नियम काढतां येतो. जें काम बाजार करूं शकत नाहीं, म्हणजे निरोगी बीज, रस्ता, वीज, तारणाची हमी, वेळेवर न्याय, तें सरकारनें करावें. आणि जें कारागीर संघटित होऊन करूं शकतो, तें त्याच्यावर सोंपवावें. केवळ रोख अनुदानाची पिशवी दाखविल्यानें धंदे निघतात, पण बहुधा ती पिशवी रिकामी होईपर्यंतच चालतात.

आपल्या घरांचें कर्तव्य

"उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ चाकरी" अशी आपल्याकडे म्हण आहे; आणि आपल्या सुशिक्षित घरांनीं गेल्या चार पिढ्यांत ती नेमकी उलटी करून दाखविली. त्याचीं कारणेंही होतीं, आणि चाकरीनें कुटुंबें स्थिर झालीं हें खोटें नव्हे. परंतु एकत्र कुटुंबाजवळ धंद्यास लागणाऱ्या अनेक गोष्टी आयत्या असतात. चार जणांची शिल्लक असते, एकाची प्राप्ति बुडाली तर दुसऱ्याच्या पगारावर चूल पेटते, कोणी हिशेबांत तरबेज, कोणी कायदा जाणणारा, आणि घरांतील स्त्रियांच्या हातीं पाकसिद्धीचें असें कसब, ज्यास बाजारांत भाव आहे. ही जोखीम वांटून घेण्याची शक्ति कोणत्याही सरकारी योजनेंत मिळत नाहीं.

म्हणून घरांत असा बेत निघाला, तर त्यास पहिल्या क्षणींच विरोध न करतां कांहीं गोष्टींची शहानिशा करावी. अनुदान मुळींच मिळालें नाहीं असें धरून हिशेब मांडावा. तरीही धंदा तग धरीत असेल तरच पुढें जावें. नोंदणी पहिल्या महिन्यांतच करावी. ती विनामूल्य आहे, आणि तिच्यावांचून ४५ दिवसांच्या कायद्याचा आधार मिळत नाहीं. घरखर्चाची वही आणि धंद्याची वही निराळी ठेवावी. कर्ज घेतांना हमी-निधीची चौकशी करावी, आणि वडिलांनीं जामीन राहावयाचें असेल तर किती रकमेपर्यंत, हें सर्वांसमक्ष ठरवून लिहून ठेवावें; पुढें भावाभावांत वितुष्ट येण्याचें कारण पुष्कळदां हा न लिहिलेला शब्दच असतो. सूनबाईंच्या नांवें अनुदान अधिक मिळतें म्हणून केवळ कागदावर त्यांचें नांव घालण्याचा मोह टाळावा. धंदा त्यांच्या नांवें असेल तर बँकेचें खातें, निर्णय आणि नफा हेही त्यांच्याच हातीं असले पाहिजेत. नाहींतर ती सरकारची फसवणूक तर होतेच, आणि घरच्या लक्ष्मीचीही होते.

ज्या घरांना धंदा करावयाचा नाहीं त्यांनाही कर्तव्य आहेच. त्यांच्यांत वकील आहेत, हिशेबनीस आहेत, बँकांतून निवृत्त झालेले आहेत. आठवड्यांतून दोन तास एखाद्या कासाराचा अर्ज लिहून देणें, एखाद्या विणकराची थकबाकी सुविधा परिषदेपुढें मांडून देणें, हें दान अन्नदानाच्या खालचें नव्हे. पंक्तींत ज्याचें पान मागें राहतें त्याला पुढें सरकविण्याचें काम कायद्यापेक्षां शेजाऱ्यालाच चांगलें साधतें.

आणि नागरिक म्हणून सरकारास एक साधी मागणी करावी. परिषदांतून किती कोटींचे करार झाले हे आंकडे ऐकून आपले कान तृप्त झाले आहेत. त्याऐवजीं प्रत्येक जिल्ह्यानें दरसाल एक पान छापावें. पांच वर्षांपूर्वीं ज्यांना मदत दिली त्यांपैकीं किती उद्योग आज चालू आहेत, किती माणसें तेथें कामाला आहेत, कोणत्या अर्जांना बँकेनें नकार दिला आणि कां, आणि घेतलेल्या जमिनींपैकीं किती जमीन मोकळी पडली आहे, एवढेंच त्या पानावर असावें. तें पान वाचूनच आपल्या घरच्या मुलानें जिल्ह्यांत राहावें कीं गाडी धरावी, ह्याचा निर्णय वडिलांना डोळसपणें घेतां येईल.